बटणांची चमक उतरवली, पण नवा रंग टिकत नाही? आधी खालचा थर ओळखा

ब्लेझर, जोधपुरी, बँडवाल्यांचा कोट, थंडीतलं जॅकेट. कापड चांगलं, शिवण चांगली, पण पुढची बटणं लखलखीत सोनेरी. घालणाऱ्याला ती जुन्या पितळेसारखी, जरा दबक्या रंगाची हवी असतात. मग कुणी घासणीने घासतं, कुणी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतं, कुणी स्प्रेचा डबा आणून फवारतं. पहिले काही दिवस बटणं छान दिसतात आणि मग एकेक तक्रार सुरू होते. सोलापूर हे गणवेश शिवणारं गाव. धातूची बटणं इथे ग्रोसने, म्हणजे १४४ च्या हिशेबाने घेतली जातात. त्यामुळे फिनिशिंग आणि दुरुस्तीचं काम करताना माझ्यासमोर हाच दोष सारखा येतो. लग्नसराई सुरू झाली की हमखास: "ताई, बटणं परत चमकायला लागली की ओ."

अशा वेळी बहुतेकजण वरून रंगाचा आणखी एक हात देतात आणि तोही निघतो. दोष बहुधा रंगात नसतोच, रंग ज्यावर बसवला त्या थरात असतो. दिसायला सारख्या सोनेरी बटणांखाली पितळ असू शकतं, जस्ताचं ओतीव असू शकतं, लोखंडी पत्रा असू शकतो किंवा निव्वळ प्लास्टिक. त्यावर निकेल, त्यावर सोनेरी मुलामा, त्यावर न दिसणारं पारदर्शक लॅकर. यातला कुठला थर उघडा आहे हे कळल्याशिवाय केलेली मेहनत वाया जाते.

लक्षणं

आधी बटण उजेडात धरून नीट बघा. तुमची तक्रार यातली कुठली आहे ते ठरवा, म्हणजे पुढच्या तपासण्यांतल्या अर्ध्या कदाचित लागणारच नाहीत.

- रंग नखाने पापुद्र्यासारखा निघतो, आणि सगळ्याच बटणांचा निघतो. खाली तेलकटपणा राहिलाय किंवा गुळगुळीत निकेल आहे.
- फक्त मधलं बटण आणि बाहीची कडेची बटणं उघडी पडली, बाकीची ठीक आहेत. हाताळणीची झीज आहे. वरचा संरक्षक थर नाही किंवा रंग पुरता वाळण्याआधी जॅकेट घातलं गेलं.
- काही भाग काळपट, काही भाग तसाच सोनेरी, कडा थेंबासारख्या. जुनं लॅकर काही जागी शिल्लक आहे.
- घासल्यावर पिवळा रंग गेला आणि पांढरट चंदेरी दिसू लागलं. मुलामा संपून खालचं निकेल वर आलं.
- बारीक फोड आले, किंवा पांढरी भुकटी दिसते. आत जस्ताचा मिश्रधातू आहे आणि तो आतून खराब होतोय.
- बटणाभोवती कापडावर हिरवट किंवा काळसर वर्तुळ. पोकळ बटणात द्रव अडकलाय, किंवा पितळ उघडं राहून कळकतंय.
- बटण चिकट लागतं, बोटांचे ठसे उमटतात. बहुतेक वेळा हे ड्रायक्लीनिंगनंतर होतं.
- रंगावर सुरकुत्या पडल्या. एकमेकांशी न जमणारे दोन रंग एकावर एक लागलेत.
- वरून पांढरट धुकं आलं. लॅकर मारताना हवेत ओल होती, किंवा पाण्यातला क्षार बसलाय.
- मागची कडी किंवा कड तडकली. इथे थांबा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

सुरुवात: जास्तीचं बटण शोधा

चांगल्या ब्लेझरच्या आतल्या शिवणीला किंवा आतल्या खिशाजवळ एखादं जास्तीचं बटण टाकलेलं असतं. सगळे प्रयोग त्याच्यावर करा. ते नसेल तर बाहीचं सगळ्यात खालचं बटण उसवा, कारण नंतर ते कमी नजरेत येतं. जॅकेटवर बटण असताना कुठलंही रसायन लावू नका. ॲसिटोनचा एक थेंब ॲसिटेटच्या अस्तरावर पडला तर अस्तराला भोक पडतं आणि ते परत जुळत नाही. बटणं काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: कुठलं बटण कुठे होतं, त्यावरचं चिन्ह कुठल्या बाजूला उभं होतं. समोरची आणि बाहीची बटणं वेगळ्या मापाची असतात. कोटाच्या समोर बहुधा ३२ लाइनचं, म्हणजे सुमारे २० मिलिमीटरचं, आणि बाहीला २४ लाइनचं, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटरचं. चाळीस लाइन म्हणजे एक इंच. नवी बटणं घ्यायची वेळ आली तर हे माप लिहिलेलं कामाला येतं.

पहिली तपासणी: जॅकेटचं काय काय झालं ते आठवा

हिला पैसा लागत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच सुटतात. तीन गोष्टी आठवा.

रंग लावल्यापासून किती दिवसांनी जॅकेट घातलं? ऑइल पेंट किंवा इनॅमल काही तासांत बोटाला लागेनासं होतं, पण आतून घट्ट व्हायला आठवडाभर घेतं. त्याआधी काजातून बटण ओढलं की कडेचा रंग काजाच्या दोऱ्याला लागून निघतो. नवरदेवाचं जोधपुरी लग्नाच्या आदल्या दिवशी रंगवून दुसऱ्या दिवशी घातलं, तर रंग निघणारच. 

मधे ड्रायक्लीनिंग झालं का? 'पेट्रोल वॉश' म्हणा किंवा ड्रायक्लीन, दोन्हींत कपडा विद्रावकातच धुतला जातो. परक्लोरोइथिलीन असो वा टर्पेंटाइनच्या जातीचं तेल, हाताने लावलेला रंग त्यात मऊ पडतो. बटणं चिकट होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. यावर उपाय रंग बदलणं हा नाही. लाँड्रीत देण्याआधी बटणं काढून ठेवा. ते जमत नसेल तर प्रत्येक बटणावर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळा आणि लाँड्रीवाल्याला तसं सांगून ठेवा. वाफेची इस्त्री बटणावर टेकली तरी ॲक्रिलिक मऊ पडतं, तेही सांगा.

तिसरं, सेंट आणि डिओडरंट. जॅकेट अंगावर असताना छातीवर फवारलं की त्यातलं अल्कोहोल वरच्या दोन बटणांवर बसतं. फक्त तीच खराब झाली असतील तर कारण शोधत आणखी पुढे जायची गरज नाही.

दुसरी तपासणी: साबण आणि पाण्याची चाचणी

बटण भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवा (बुडवून ठेवू नका, बटण पोकळ असू शकतं; ते पाचव्या तपासणीत येतं). मग त्यावर पाण्याचा पातळ थर सोडा आणि तिरकं धरा. पाणी अखंड पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पाणी तुटून थेंब थेंब झालं तर तेल, मेण किंवा पॉलिश अजून आहे, आणि त्यावर लावलेला कुठलाही रंग पापुद्र्यासारखा निघेल. कारखान्यातून आलेल्या बटणांवरही पॉलिशचं मेण असतंच, तेव्हा 'नवीकोरी आहेत' म्हणून ही पायरी गाळू नका.

घरात पितळेची भांडी ज्या पावडरीने उजळतात, त्याच पावडरीने बटणं घासायचा मोह होतो. तिचे कण नक्षीच्या खाचांत अडकतात आणि नंतर पांढरे दिसतात. चिंच-मिठाचंही तसंच. चिंच पितळ उजळ करते, आणि आपल्याला तर उलट हवंय. शिवाय मिठाचा अंश राहिला की काही दिवसांनी तिथूनच हिरवा कळंक धरतो.

सोलापुरात एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. बोअरचं पाणी जड असतं. त्यात शेवटचं खंगाळून बटण तसंच वाळवलं तर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात आणि लॅकरखाली कायमचे बंद होतात. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा बादलीत साठलेलं जे असेल त्यात धुतलं जातं, हे मला माहीत आहे. धुवा, पण शेवटचं खंगाळणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात करा. एक बाटली पुष्कळ बटणांना पुरते. मग मऊ फडक्याने टिपून पंख्याखाली ठेवा आणि त्यानंतर पुढून बोट लावू नका, कडी धरून उचला.

तिसरी तपासणी: बटण कशाचं आहे?

सगळा निकाल इथे लागतो, म्हणून घाई करू नका.

लोहचुंबक लावा, पुढून आणि मागून, वेगवेगळं. पुढची बाजू चिकटली तर आत लोखंडी पत्रा आहे. तो घासला की पुढच्या पावसाळ्यात गंजेल. फक्त मागची कडी चिकटली तर तोंड पितळेचं आणि कडी लोखंडी असू शकते. अगदी पुसट ओढ लागली तर ती निकेलच्या थराचीही असते, तेवढ्यावरून लोखंड ठरवू नका.

मग गालाला लावून बघा आणि नखाने वाजवा. धातू गार लागतो आणि टणक वाजतो. प्लास्टिक लगेच अंगाच्या उष्णतेचं होतं आणि बद्द वाजतं. आजकालची बरीच सोनेरी बटणं एबीएस प्लास्टिकवर मुलामा दिलेली असतात आणि डोळ्यांना अजिबात कळत नाहीत. वजनानेही अंदाज येतो. त्याच मापाचं भरीव पितळ प्लास्टिकच्या सुमारे आठपट जड असतं, आणि जस्ताचं ओतीव पितळेपेक्षा थोडं हलकं.

शेवटी मागच्या बाजूला, कडीच्या मुळाशी, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे बारीक कानस एकदाच ओढा. आतून पिवळं दिसलं तर पितळ. राखाडी-पांढरं दिसलं आणि चुंबक लागत नसेल तर जस्ताचा मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम हाताला फारच हलकं लागतं, त्यावरून वेगळं ओळखता येतं. आधी पिवळं, मग पांढरं, मग तांबूस आणि मग राखाडी असे थर एकाखाली एक दिसले तर ते मुलामा, निकेल, तांबं आणि जस्त. ही रचना बाजारात फार आढळते.

आता याचा उपयोग. भरीव पितळ असेल तर घासूनही चालतं आणि रसायनानेही रंग चढतो. जस्तावरचा मुलामा जाईल इतकं घासायचं नाही आणि व्हिनेगर-लिंबूही लावायचं नाही. मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आम्ल आत जातं, जस्त खातं आणि वर फोड आणतं. प्लास्टिकला ॲसिटोन किंवा थिनर लागता कामा नये, बटण वितळून वाकडं होईल. निकेल वर असेल तर घरातलं कुठलंही रसायन त्याला काळं करणार नाही. व्हिनेगर, अमोनिया, उकडलेल्या अंड्याचा वास, कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याला रंगच लागतो, किंवा प्लेटिंग, म्हणजे विजेने चढवलेला दुसऱ्या धातूचा थर.

चौथी तपासणी: लॅकर आहे का?

बटण धातूचं आहे हे पक्कं झाल्यावरच ही करा. खिडक्या उघड्या ठेवा. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, सगळं लांब. कापूसकाडी ॲसिटोनमध्ये किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरमध्ये बुडवून बटणाच्या मागच्या बाजूला अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला, कापसाला पिवळसर चिकटा लागला किंवा एखादा पातळ पडदा सुटला, तर लॅकर आहे. 'ॲसिटोनविरहित' असं लिहिलेलं नेलपॉलिश रिमूव्हर या कामाचं नाही.

ठिगळं पडण्याचं कारण जवळपास नेहमी हेच. पितळेवर लॅकर असेल तर त्याखालच्या धातूपर्यंत रसायन पोचत नाही. जिथे लॅकर झिजलंय तिथे काळं पडतं, बाकी सोनेरी राहतं. माणसाला वाटतं रसायन कमी पडलं, तो आणखी ओततो, आणि ठिगळं आणखी ठळक होतात. आधी सगळं लॅकर उतरवा. काचेच्या छोट्या बरणीत थिनर घेऊन बटण झाकून ठेवा, मग ब्रशने खाचा साफ करा. अर्थात हे भरीव बटणांपुरतंच. पोकळ बटणांना बुडवायचं नसतं, ते पुढे येतं.

थिनरने काहीच हललं नाही आणि तरी वर काचेसारखा थर दिसतोय, तर ते भट्टीत भाजलेलं किंवा विजेच्या साहाय्याने बसवलेलं लॅकर आहे. ते घरी उतरवायच्या मागे लागू नका. ते इतकं घट्ट असतं की त्याच्यावरच नवा रंग बसवणं सोपं पडतं. फक्त आधी हलकं खरवडून घ्यावं लागतं.

पाचवी तपासणी: बटण पोकळ आहे का?

ब्लेझरची आणि बँडच्या कोटाची बरीचशी बटणं दोन भागांची असतात. पुढे ठोकून नक्षी उठवलेला पत्रा, मागे कडी लावलेला तुकडा, आणि पुढची कड मागे दुमडून दोन्ही जोडलेले. भिंगातून मागची कड बघा, दुमडीची रेघ दिसते. असं बटण एकदा पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा कुठल्याही द्रवात बुडवलं की दुमडीतून द्रव आत शिरतो आणि बाहेर यायला पुष्कळ दिवस घेतो. तुम्ही रंगवता, लॅकर मारता, शिवता, आणि मग एका उन्हाच्या दिवशी आतलं पाझरून कापडावर हिरवं वर्तुळ उमटतं. पांढऱ्या किंवा क्रीम रंगाच्या जोधपुरीवर ते अगदी जिवाला लागतं.

तपासायला बटण पालथं करून पांढऱ्या टिश्यूवर ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने लांबून गरम हवा द्या. टिश्यूवर ओल किंवा डाग उमटला तर आत द्रव आहे. मग ते कडक उन्हात, अधूनमधून झटकत, टिश्यू कोरडा राहीपर्यंत वाळवा. आत आम्ल गेलं असेल तर नुसतं वाळवून भागत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा, डिस्टिल्ड पाण्यात दोनदा खंगाळा आणि मग वाळवा. एरवी मी पोकळ बटण बुडवू नका म्हणते, त्याला हा एक अपवाद, कारण आतलं आम्ल तसंच ठेवणं जास्त वाईट.

सहावी तपासणी: रंग बसवायची रीत

इथवर सगळं ठीक असेल तर दोष लावण्यात आहे. जवळपास प्रत्येक प्रकारच्या बटणावर टिकते ती रीत सांगते. हिच्यात धातूला काळं करायचा प्रयत्नच नाही, म्हणून ती पितळ, जस्त, निकेल, प्लास्टिक सगळ्यांवर चालते.

चमक मारण्यासाठी हिरवी घासणी पुरते. पितळ असेल तर ६०० नंबरचा वॉटर पेपर, ओला करून. गोल गोल घासू नका. एकाच दिशेने ओढा, नाहीतर उन्हात वर्तुळाकार ओरखडे चमकतात. मुलामा असेल तर फक्त घासणी, अगदी हलक्या हाताने, आणि काचेसारखी चमक गेली की थांबा. पिवळा रंग विरायला लागला म्हणजे तुम्ही एक थर पुढे गेलात. पृष्ठभागाला रंग धरण्यापुरता खरखरीतपणा हवा, तेवढंच काम आहे.

मग पुन्हा साबण, पुन्हा पाण्याची चाचणी. पितळेचा पिवळा रंग ठेवायचा असेल तर प्रायमर लावू नका. पूर्ण रंग बदलायचा असेल, म्हणजे गनमेटल (काळसर राखाडी) किंवा तांबूस, तर धातूवर चालणाऱ्या प्रायमरचा पातळ हात आवश्यक.

जुनाट पितळेचा रंग हवा असेल तर काळा आणि गडद तपकिरी ॲक्रिलिक मिसळून पातळ करा, बटणावर खाचांत जाईल असा लावा, आणि तो ओला असतानाच किंचित दमट फडक्याने उंच भागावरून पुसून घ्या. खाचांत काळपटपणा राहतो, उंचवट्यावर धातू दिसतो. जुन्या बटणाला डोळा हाच फरक बघून 'जुनं' म्हणतो. बटण सपाट असेल, नक्षीच नसेल, तर ही रीत वापरू नका. रंगाला धरायला जागाच नसते आणि नुसता मळका ओघळ दिसतो. सपाट बटणाला सरळ मॅट गनमेटल किंवा ब्राँझचा स्प्रे शोभतो.

पूर्ण वाळल्यावर मॅट क्लिअर, म्हणजे न चमकणारं पारदर्शक लॅकर, त्याचे दोन किंवा तीन पातळ हात. हा थर नसेल तर मधलं बटण लवकर उघडं पडणार, कारण दिवसभर तेच लावलं-काढलं जातं आणि घामातलं मीठही त्यालाच लागतं. खाली ऑइल पेंट असेल तर वरून एनसी लॅकर मारू नका. त्यातला कडक थिनर खालचा रंग उचलतो आणि सुरकुत्या पडतात. त्या आल्या असतील तर दुरुस्ती नाही, सगळं उतरवून पहिल्यापासून.

स्प्रे करताना बटणं उभी धरायला लोक थर्मोकोल घेतात. स्प्रेच्या विद्रावकाने थर्मोकोल वितळतो. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात कड्या अडकवा. कडीच्या आतल्या बाजूला रंग जाऊ देऊ नका. तिथे दोरा सतत घासतो, रंगाचे कण सुटतात आणि कापडावर पडतात.

आता हवामान, कारण आपल्याकडे ते फार आड येतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंगाचे थेंब हवेतच वाळतात आणि बटणावर धुळीसारखे बसतात. बोट फिरवलं की खरखर लागते आणि रंग निघतो. तेव्हा सकाळी लवकर, सावलीत काम करा. पावसाळ्यात उलट होतं. विद्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लॅकर पांढुरकं होतं. हे धुकं हलकं असेल तर कोरड्या दिवशी क्लिअरचा एक पातळ हात पुन्हा मारल्यावर बरेचदा जातं. शक्य असेल तर ही कामं दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत उरका. हवा कोरडी असते, ऊन सौम्य असतं, आणि जॅकेटंही तेव्हाच बाहेर निघतात.

सातवी: रसायनाने काळं करणं

मी हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. भरीव, लॅकर उतरवलेलं पितळ असेल तरच याचा विचार करा. मीठ-व्हिनेगरने येणारा हिरवा रंग मूर्तीवर शोभतो, पण कपड्यावर नको. तो भुकटीसारखा असतो आणि कापडाला लागतो. उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात ठेवल्यावर तांबं आणि चांदी छान काळी पडतात, पितळ मात्र फारसं दाद देत नाही. पितळेत जस्त असतं.

अमोनियाच्या वाफेने पितळ खरोखर सुंदर तपकिरी होतं, पण ठोकून, दुमडून केलेल्या बटणाला ती देऊ नका. इंग्रजांच्या काळात भारतातल्या लष्कराच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात साठवणीतच तडकायच्या. त्या तबेल्यांत ठेवलेल्या असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि ठोकून आकार देताना धातूत राहिलेला ताण, या तिन्हींमुळे पितळ चिरत होतं. हा उलगडा १९२१ मध्ये झाला. तुमच्या ब्लेझरच्या बटणाची दुमडलेली कड त्याच प्रकारच्या ताणाखाली असते. अमोनियाच्या बरणीत रंग सुरेख येतो आणि काही दिवसांनी कडेला केसासारखी चीर दिसते. ओतीव, भरीव बटणाला हा धोका कमी, तरी काम उघड्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालूनच करा, आणि ब्लीचच्या जवळपास अमोनिया कधीही नेऊ नका. दोन्हींची वाफ मिसळली की छातीत जाणारा विषारी वायू तयार होतो.

कधी थांबायचं

पांढरी भुकटी किंवा फोड दिसले की थांबा. आतलं जस्त खराब झालंय, वरून काहीही लावलं तरी फोड पुढे सरकतच राहतात. अशी बटणं बदलावीत. साध्या बटणांचा नवा संच कुठल्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो, आणि मापं तुम्ही लिहून ठेवलेलीच आहेत.

कडी किंवा कड तडकली तर तेच. डाग लावून (सोल्डर करून) सांधायला जाऊ नका. उष्णतेने पुढचा मुलामा जातो, आणि प्लास्टिक असेल तर बटणच जातं.

आजोबांच्या लष्करी किंवा पोलिसी कोटाची बटणं असतील तर घासणीसुद्धा लावू नका. त्यांची जुनी झिलईच मोलाची असते आणि एकदा गेली की परत येत नाही. चालू नोकरीतला गणवेश असेल तर बटणांचा रंग नियमाने ठरलेला असतो, तो बदलू नये. मिना भरलेलं चिन्ह किंवा खऱ्या सोन्याचा मुलामा असेल तर जाणत्या सराफाला दाखवा.

पूर्ण संचाला एकसारखा, वर्षानुवर्षं टिकणारा जुना पितळी किंवा गनमेटल रंग हवा असेल तर ते प्लेटिंगवाल्याचं काम आहे. जुना मुलामा उतरवायला तिथे तीव्र आम्लं आणि सायनाइडचे क्षार वापरतात. त्यातलं काहीही घरी आणून करायचा विचार मनात आणू नका. जाताना बटण कशाचं आहे हे सांगा, तिसऱ्या तपासणीचा उपयोग इथेही होतो. जस्तावर आधी तांब्याचा थर द्यावा लागतो आणि ते न कळवता नेहमीच्या आम्लाच्या टाकीत टाकलं तर बटणं खराब होऊन परत येतात. बटण पोकळ आहे हेही आवर्जून सांगा, म्हणजे तो ती नीट निथळून वाळवेल. बरेच प्लेटिंगवाले दहा-बारा बटणांसाठी टाकी चालवत नाहीत, तेव्हा बँडचे किंवा शाळेचे कोट करणाऱ्या टेलरला विचारा. त्याचा माल जात असेल त्याच्यासोबत तुमचा संच पाठवता येतो. आधी एकच बटण करून मागवा, काजातून दोन दिवस लावून-काढून बघा, पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, आणि फडकं स्वच्छ राहिलं तरच बाकीची द्या.